चौदा हजार बैल

तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी दिवस कलता कलता लढाई सुरू झाली. समोर नागपूरकर भोसल्यांची फौज होती. तिचं नेतृत्व दुसऱ्या रघुजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू करत होते आणि जोडीला दौलतराव शिंद्यांचे घोडेस्वार होते. पातुर्ड्याच्या बुरुजावर चढून मेजर जनरल आर्थर वेलस्लीने लांबवर हललेली गर्दी पाहिली, तेव्हा त्याची माणसं उन्हातल्या लांबलचक कुचाने थकलेली होती. त्या दिवशी लढायचा त्याचा विचारही नव्हता. तरी त्याने पलटणी पुढे काढल्या. पहिले गोळे पडताच पुढच्या तोफा ओढणारे बैल बिथरले, हाकणाऱ्यांच्या हाताबाहेर गेले आणि मागच्या शिपायांत घुसले. दोनच महिन्यांपूर्वी असईला न डगमगलेल्या तीन पलटणी इथे मागे पळाल्या. वेलस्लीने त्यांना गावाच्या आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभं केलं, मग लढाई झाली आणि चांदण्यात पाठलाग झाला. इंग्रजांकडचे सुमारे साडेतीनशे मेले किंवा जखमी झाले, भोसल्यांच्या ३८ तोफा गेल्या.

आमच्याकडे ही लढाई शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते. त्या ओळीत बैल नसतात. पण १८०३ ची ती मोहीम बैलांच्या बाजूने वाचली, तर असई, अडगाव आणि गाविलगड यांचा अर्थ जास्त नीट लागतो. कर्नाटकातल्या हरिहरहून मार्चमध्ये निघालेली फौज डिसेंबरात मेळघाटात पोहोचते. वाटेत पावसाळा, दुष्काळाची चाहूल आणि पेंढारी-होळकरांनी आधीच धुऊन काढलेला मुलूख. तरीही तिच्या घोड्यांना हरभरा मिळतो, मद्रासी शिपायांना तांदूळ मिळतो आणि गडाला भगदाड पाडायला लोखंडी तोफाही हजर असतात. ऐन वेळी लागणारी वस्तू ऐन वेळी हाताशी आणायची ही जी खटपट, तिची पाळंमुळं वऱ्हाडात नाहीत, म्हैसूरात आहेत.

टिपू १७९९ साली पडल्यावर श्रीरंगपट्टणचा कारभार वेलस्लीकडे आला. पुढच्याच वर्षी बंडखोर धोंडिया वाघाच्या मागे तुंगभद्रा-मलप्रभेच्या खोऱ्यात धावताना त्याला कळलं, की ज्याच्यामागे धावायचं त्याच्याइतकीच चपळ आपली रसद हवी. त्याआधीच्या कंपनीच्या फौजा म्हणजे चालती गावं होती. एकेका लढवय्यामागे कितीतरी बाजारबुणगे, आणि भाड्याने घेतलेले बैल इतके रोड की चार मुक्कामांत निम्मे वाटेवर आडवे. भाड्याचा बैल मेला तर ठेकेदार दुसरा आणेपर्यंत तोफ जागची हलत नसे. वेलस्लीने कंपनीच्या मालकीचे, पोसलेले, सवयीचे बैल ठेवण्यावर भर दिला. त्यासाठी म्हैसूरात तयार माल होता. हैदर-टिपूंनी वाढवलेल्या 'अमृतमहाल' खात्याचे बैल अंगाने फार थोराड नसत, पण चालीला घोड्याच्या जवळपास जात. टिपूच्या तोफा इंग्रजांना चकवून कशा निसटत, याचं उत्तर त्या गोठ्यांत होतं. दिवाण पूर्णय्यांनी वेलस्लीला घोडदळ दिलं आणि रसदीची सोयही करून दिली.

दुसरा धडा कमी गोड होता. श्रीरंगपट्टणच्या सरकारी कोठारातून सोरा आणि इतर सामान विकून खाणारे कंपनीचेच गोरे अधिकारी १८०१ साली त्याच्या हाती लागले. लढाईच्या वेळी माल का सापडत नाही, याचं एक कारण नेहमीच हे असतं. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने अडगाव-गाविलगडावर कादंबरी रचली, तीही रसदीच्या बैलतांड्यातल्या चोरीवर उभी केली. त्याला वऱ्हाड किती समजलं ते सोडा, पण फौजेची नस त्याने बरोबर पकडली.

मुंबई सरकारकडे वेलस्लीने आधीच नद्या ओलांडायच्या होड्यांची मागणी केली होती, कारण भीमा आणि गोदा दुथडी असताना शत्रूचे घोडेस्वार पलीकडे अडकतात आणि आपल्याकडे होड्या असतील तर आपण मात्र जाऊ शकतो, हा त्याचा हिशेब होता. पावसाळा इतर फौजांना सुट्टीचा, त्याला लढाईचा मोसम वाटे. होड्या मुंबईत बनल्या, पण त्या वाहणारे गाडे पावसात वाटेतच निकामी झाले. मग त्याने परिसरात सहज होणारी वस्तू धरली. बांबूच्या विणलेल्या, वरून कातडं चढवलेल्या गोल टोपल्या आपल्या दक्षिणी नद्यांवर पूर्वीपासून चालतात. त्या कशा विणायच्या, किती मोठ्या करायच्या, याच्या बारीक सूचना हा सेनापती स्वतः पत्रांतून देत बसला. मुंबईकडून महिनोन्‌महिने होईना ते काम मग नदीकाठच्याच हातांकडे गेलं.

तरीही या सगळ्याला एक कुलूप होतं, ते कलकत्त्यात. युद्ध पुकारायचं की तह करायचा, पैसा कुठून खर्चायचा, निजामाच्या आणि पेशव्यांच्या मुलखात कुणाला हुकूम द्यायचा, याची परवानगी गव्हर्नर जनरलकडून यायला आठवडे जात. १८०३ च्या जूनअखेर गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने आपल्या या धाकट्या भावाला दख्खनमधले सगळे लष्करी आणि राजकीय अधिकार देऊन टाकले. वशिला म्हणा हवं तर. पण त्या एका पत्रामुळे विचारणा आणि मंजुरी यांतला काळ संपला. ६ ऑगस्टला युद्ध पुकारलं गेलं, १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला हाती आला. त्या किल्ल्याचं खरं मोल त्याच्या तटात नव्हतं. पुण्याहून येणारं धान्य, दारूगोळा आणि खजिना साठवायला, आणि तिथून गोदेपलीकडे पाठवायला पक्कं कोठार मिळालं, ते मोल मोठं होतं.

आता या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस, बंजारा. वऱ्हाडात तांडा ठाऊक नसलेला माणूस विरळा. वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे या समाजाचं मोठं श्रद्धास्थान. पण आज तांड्याकडे पाहताना लदेणीचा पसारा डोळ्यांसमोर येत नाही. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना गोणी टाकून, जिथे धान्य स्वस्त तिथे घ्यायचं आणि जिथे टंचाई तिथे विकायचं, ही लदेणी. सैन्यांची छावणी म्हणजे टंचाईची हुकमी जागा. शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनवर आला तेव्हा भंगी आणि जंगी हे राठोड नाईक लाखो बैल घेऊन त्याच्यामागे होते, आणि आसफखानाच्या घोड्यांइतकाच त्यांच्या बैलांचा वाटेवर हक्क, अशा अर्थाचा ताम्रपट त्यांना मिळाला, असं परंपरा सांगते.  आकडे दंतकथेचे असतील, पण मोगल फौजा कुणाच्या पाठीवर दक्षिणेत उतरल्या हे त्यातून कळतंच.

बंजाऱ्याला बाजू नसे. तो दोन्ही फौजांना विकी आणि बहुतेक फौजाही त्याला हात लावत नसत, कारण आज लुटला तर उद्या येणार नाही. वेलस्लीने यात आपली भर घातली ती अशी: बंजाऱ्याला आगाऊ पैसा द्यायचा, वाटेवरचे जकातीचे नाके मोकळे करायचे, संरक्षणाला शिपाई द्यायचे आणि छावणीच्या बाजारात जे खपणार नाही ते कंपनीने उचलायचं. म्हणजे धोका व्यापाऱ्याच्या डोक्यावरून सरकारने आपल्या डोक्यावर घेतला. त्याच वेळी लूट करणाऱ्या स्वतःच्या माणसांनाही त्याने माफी दिली नाही. अहमदनगरची पेठ पडल्यावर लुटीत सापडलेल्या शिपायांना वेशीवरच फाशी दिलं. ही न्यायबुद्धी असेल, पण हिशेबही होता. लुटलेल्या गावातून दुसऱ्या दिवशी कुणी धान्य विकायला येत नाही.

२३ सप्टेंबरला असईत या व्यवस्थेची परीक्षा झाली आणि ती जवळजवळ नापासच झाली. शिंद्यांच्या तोफखान्याने पहिल्या तासातच वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि हाकणारे इतके मारले, की तोफा जागच्या जागी सोडून पायदळाला संगिनी लावून पुढे जावं लागलं. लढाई जिंकली, ९८ तोफा मिळाल्या, पण सुमारे सोळाशे माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना कुठे ठेवायचं? दोस्त निजामाच्या दौलताबादच्या किल्लेदाराने दार उघडायला नकार दिला. शेवटी अजिंठ्याला इस्पितळ उभं केलं. दोस्ताच्या किल्लेदारापेक्षा बंजारा भरवशाचा, असं वेलस्लीला वाटलं असेल तर नवल नाही. बाकीच्या निजामी अंमलदारांबद्दलही तक्रारींनी त्याची पत्रं भरलेली आहेत.

शिंद्यांची अडचण मात्र वेगळ्या जातीची होती आणि तिला इलाज नव्हता. त्यांच्या तोफा ओतणारे कारखाने उत्तरेत होते. असईला ९८ तोफा गेल्या त्याच सुमारास उत्तरेत इंग्रजांच्या जनरल लेकने अलीगड आणि दिल्ली घेतली, ऑक्टोबरात आग्रा घेतलं, १ नोव्हेंबरला लासवाडी जिंकली. शिंद्यांचा उत्तरेतला फ्रेंच सेनापती पेरां सप्टेंबरातच त्यांना सोडून गेला होता. दख्खनमध्ये गमावलेली तोफ भरून काढायची तर ती ओतणार कुठे? पैसा, माणूस आणि जिद्द असूनही शिंद्यांना तो तोफखाना पुन्हा उभा करता आला नाही. उत्तरेकडचा कारखाना आणि दक्षिणेकडचं रणांगण यांच्यात शेकडो कोसांचं अंतर ठेवून चालणाऱ्या राज्याला असा दिवस केव्हा तरी येणारच होता.

रघुजी भोसल्यांनी मग शत्रूच्या पोटावर मारायचं ठरवलं, आणि तो विचार अगदी बरोबर होता. ऑक्टोबरअखेर वेलस्लीकडे दक्षिणेतून गोदा उतरून एक मोठा तांडा येत होता. बैल चौदा हजार. बरोबर कॅप्टन बेन्स, मद्रासी पायदळाच्या तीन कंपन्या, दोन लहान तोफा आणि म्हैसूरचे चारशे घोडेस्वार. रघुजी तिकडे वळले. वेलस्ली त्यांच्या मागावर निघाला, तर ते थांबेनात. २९ ते ३१ ऑक्टोबर या दोन-तीन रात्रींत त्यांनी पाच वेळा तळ हलवला. ३१ तारखेला अंबडजवळ त्यांच्या सुमारे पाच हजार स्वारांनी तांड्याला गाठलं.

गोण्या टाकून बैल उधळले असते तर काय झालं असतं, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. असईला बैल मेलेलेच होते, पुढचा मुलूख उजाड होता. नोव्हेंबरात वऱ्हाडात शिरणारी फौज उपाशी शिरली असती किंवा शिरलीच नसती. बेन्सने अंबडच्या आश्रयाने तांडा आवरून धरला, स्वारांना परतवलं आणि तो सुखरूप पुढे नेला. असईच्या लढाईला इतिहासाने जेवढी पानं दिली त्यांतलं अर्धं पानही अंबडला मिळालं नाही. माझ्या मते १८०३ च्या मोहिमेचा निकाल लागला तो अंबडला, कारण त्या दिवसानंतर रघुजींकडे रसद तोडायची दुसरी मोठी संधी आली नाही. पाच हजार स्वार तीन कंपन्यांकडून माघारी का फिरले, या प्रश्नाने मात्र आजही मन खट्टू होतं. गनिमी काव्याची परंपरा सांगणाऱ्यांच्या वारसांनी रसदीवर घातलेला तो एवढाच मोठा घाव, आणि तोही वाया गेला.

शिंद्यांनी २३ नोव्हेंबरला तहकुबी घेतली, भोसल्यांनी घेतली नाही आणि त्यातून अडगाव घडलं. तिथून वेलस्ली ५ डिसेंबरला अचलपुरात पोहोचला. अडगावच्या जखमींसाठी तिथे इस्पितळ उघडलं आणि दोन दिवसांत तो, दुसऱ्या इंग्रजी फौजेचा प्रमुख कर्नल स्टीव्हन्सन याच्यासह, गाविलगडाकडे निघाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गाविलगड घ्यायचा हा निर्णय अचलपुरात झाला नव्हता. स्टीव्हन्सनने १६ ऑक्टोबरला बुऱ्हाणपूर आणि २१ ला असीरगड घेतला, तेव्हाच त्याच्या फौजेने असीरगडावर गाविलगडाच्या वेढ्याचं सामान भरून घेतलं होतं. लोखंडी तोफा, गोळे, दारू, खणायची हत्यारं हे सगळं लढाईच्या सव्वा महिना आधी तयार होऊन त्याच्याबरोबर चालत होतं. अडगाव संपल्यावर आठ दिवसांत वेढ्याची फौज गडाकडे निघाली, ती झटपट खरेदी करून नव्हे. तो वेग आधी बसून केलेल्या कामाचा होता.

गड बहमनी अहमदशहाने १४२५ साली बांधलेला. दक्षिणेकडे, म्हणजे अचलपूरच्या मैदानाकडे, आतला किल्ला आणि खाली तुटलेला कडा. उत्तरेकडे, पठाराच्या अंगाला, बाहेरचा किल्ला आणि त्याच्याही पुढे एक तट. दक्षिण दरवाजाची वाट इतकी उभी की तोफ चढेना. तोफांनी भगदाड पाडायचं तर उत्तरेकडून, लवाडा गावाच्या बाजूने जायला हवं. अचलपूरहून तिकडे जायचं म्हणजे सातपुडा ओलांडून सुमारे तीस मैलांचा फेरा. गावकरी जात त्या पाऊलवाटा होत्या, तोफ जाईल असा रस्ता नव्हता.

स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली आणि १२ ला लवाड्यापुढे आली. मधल्या पाच दिवसांत सैन्याने स्वतः रस्ता फोडला आणि दऱ्या-चढांवरून तोफा जवळजवळ सबंध वाट हाताने ओढल्या. मेळघाटाच्या त्या घाटात बैलांची चाल संपली. मोसम डिसेंबराचा, रात्री कडाक्याची थंडी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या आजच्या डांबरी वळणांवर गाडी पहिल्या गियरवर आणावी लागते, तेव्हा अठरा पौंडी लोखंडी तोफ दोरांवर कशी चढवली असेल याचा विचार येतो. वेलस्लीने आपल्या अहवालात या कष्टांना मोजकी पण मनापासून दाद दिली. दोर ओढणाऱ्यांची नावं अर्थातच त्यात नाहीत. त्या पलटणींत मद्रासी शिपाई होते, स्कॉटिश सोल्जर होते, आणि वाट फोडणारे होते.

१२ च्या रात्रीतच दोन मोर्चे उभे राहिले. एकात दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी लोखंडी तोफा, दुसऱ्यात दोन बारा पौंडी पितळी तोफा आणि दोन हॉविट्झर. दक्षिणेकडून वेलस्लीनेही मोर्चा बांधायचा प्रयत्न केला. तिथे लोखंडी तोफा काही केल्या वर जाईनात. पितळी तोफा चढल्या, पण त्यांच्या माऱ्याने तटाला फारसं काही झालं नाही. उत्तरेकडचे लोखंडी गोळे १३ च्या सकाळपासून चालू झाले आणि १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना भगदाडं पडली. १५ डिसेंबरला सकाळी दहाला हल्ला झाला. लेफ्टनंट कर्नल केनीच्या तुकडीने बाहेरचा किल्ला घेतला, पण आतल्या तटाला भगदाड नव्हतं. तेव्हा ९४ व्या पलटणीच्या हलक्या पायदळाला घेऊन कॅप्टन कँपबेल दरीच्या अंगाने वर सरकला, तटाला शिड्या लावून आत उतरला आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. अडगावहून पळून गडावर आसऱ्याला आलेले भोसल्यांचे कितीतरी शिपाई त्या दिवशी कापले गेले. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला झाला. दोन्ही गावं आपल्या अमरावतीकडची.

आता वऱ्हाडाच्या पदरात काय पडलं ते पाहू. निजाम आणि भोसले यांची दुअमली इथे आधीपासून होती. साठ वाटे एकाचे, चाळीस दुसऱ्याचे, आणि दोघांचे अंमलदार एकाच रयतेच्या उंबऱ्यावर. त्यात १८०३ चं वर्ष पावसाने दगा दिलेलं. हातातोंडाशी आलेल्या ज्वारीत दोन्ही बाजूंच्या फौजा उतरल्या. घोड्यांना कडबा लागे, बैलांना कडबा लागे. वेलस्लीने पैसे देऊन घेतला असेल, पण टंचाईत विकलेलं धान्य पैशाने परत मिळत नाही. पुढच्या वर्षी दख्खनभर दुष्काळ पसरला. अहमदनगरला वेलस्लीने उपाशी माणसांना काम आणि अन्न देण्याची सोय केली, त्याची नोंद आहे. वऱ्हाडातल्या उपाशी माणसांची नोंद ठेवायला तेव्हा कुणी नव्हतं.

तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि आजूबाजूचा चार लाखांचा मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. लढाई झाली ते अडगावही त्यातच होतं. बाकीचं वऱ्हाड १८०४ च्या वाटणीत निजामाला मिळालं. ज्याच्या किल्लेदाराने जखमींना दार उघडलं नाही आणि ज्याच्या अंमलदारांनी धान्याला अडथळे आणले, त्यालाच हा मोठा वाटा. कंपनीला आपला दोस्त जिवंत ठेवायचा होता, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दोस्ताला पुढे कंपनीच्या देखरेखीखालची एक वेगळी फौज पोसावी लागली, हैदराबाद कंटिंजंट. तिचं एक ठाणं अचलपूरच्या छावणीत होतं. पगार थकत गेले, कर्ज चढत गेलं, आणि १८५३ साली ती थकबाकी आणि पुढचा खर्च भागवण्यासाठी निजामाने वऱ्हाडच इंग्रजांच्या हवाली केलं. फौजेला लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत पन्नास वर्षांपूर्वी बैल, हरभरा आणि तांदूळ होते. आता अख्खा प्रांत होता, त्याच्या कपाशीसकट.